साखरेची वाळू करणारा पाला

गुडमारची दोन पाने नीट चावून चूळ भरली आणि मग चिमूटभर साखर जिभेवर टाकली, की दाणे खरखरतात, विरघळतातही. पण गोडी लागत नाही. मीठ मात्र खारट लागते, चिंच आंबटच राहते. अर्ध्या-एक तासात जीभ पूर्ववत होते.

बेडकीचा पाला म्हणूनही ओळखली जाणारी ही रानवेल रुईच्या कुळातली. शास्त्रीय नाव जिम्नेमा सिल्व्हेस्टर. कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात ती झाडाझुडपांवर चढते आणि जून झाली की तिचे खोड लाकडासारखे टणक होते. पाने समोरासमोर, मऊ लव असलेली. फुले बारीक, पिवळसर, झुबक्यांनी येणारी. शेंग तडकली की रुईसारख्याच म्हाताऱ्या वाऱ्यावर उडतात.

भारतात राहिलेले वनस्पती-अभ्यासक एजवर्थ यांना हा पाला चावल्यावर साखर वाळूसारखी लागली. १८४७ मध्ये ही नोंद लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे गेली. पुढे १८८७ मध्ये उटकमंडच्या डेव्हिड हूपर यांनी पानांतले द्रव्य वेगळे काढून त्याला जिम्नेमिक आम्ल असे नाव दिले.

गोड चव ओळखण्याचे काम जिभेवरची टी१आर२ आणि टी१आर३ ही दोन प्रथिने जोडीने करतात. जिम्नेमिक आम्लाचे रेणू त्यातल्या टी१आर३ला चिकटतात. साखर तोंडात असते, पण तिची वर्दी मेंदूपर्यंत पोचत नाही. उंदरांवर या आम्लाचा फारसा परिणाम होत नाही. त्यांची गोडी मारणारे गुरमारीन हे वेगळे द्रव्य याच पानात असते आणि त्याचा माणसावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही!

पाने वाळवून पाण्यात उकळली की झाला गुडमारचा चहा. जपानमध्येही तो विकला जातो. पण जिभेवरची गोडी मारणे वेगळे आणि रक्तातली साखर उतरवणे वेगळे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मद्रास विद्यापीठातल्या संशोधकांनी टाइप-२ मधुमेहाच्या २२ रुग्णांना औषधांच्या जोडीला या पानांचा अर्क दिला होता. साखर घटली, काहींच्या गोळ्या कमी झाल्या. निष्कर्ष आशा वाटावी असा आहे; पण एवढ्या थोड्या रुग्णांवरून उपचार ठरत नाहीत. शिवाय तो मोजून दिलेला अर्क होता, घरच्या पातेल्यात उकळलेला पाला नव्हे.

मधुमेहाची औषधे चालू असताना हा चहा घेतला तर साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचा धोका असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो सुरू करू नका, आणि त्याच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन तर मुळीच बंद करू नका.