चामड्याचं शिलाई मशीन बंद पडलं तर काय करायचं?



ऑर्डर हातात आहे, माल चार दिवसांत द्यायचाय, आणि पर्सची बाजू शिवता शिवता मशीन 'खट्ट' करून थांबतं. चाक हलत नाही. मशीनवर बसलेल्या ताईचा चेहरा उतरतो. बाकीच्या भोवती गोळा होतात आणि पहिला प्रश्न येतो, "काय केलंस गं?"

चामडं शिवायचं मोठं मशीन गटाने बहुतेक वेळा कर्ज काढूनच घेतलेलं असतं. ते बंद पडलं की बँकेचा हप्ता, बायकांची मजुरी आणि ग्राहकाला दिलेला शब्द, तिन्ही एकदम अडकतात. म्हणून अशा वेळी काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, ते क्रमाने पाहू.

आधी बटण बंद, मग बाकीचं

चाक अडकलं की जोर लावून फिरवू नका. पायाने पॅडल पुन्हा पुन्हा दाबू नका. अडकलेला दोरा एक वेळ निघतो, पण जोर केला की सुई, हूक आणि आतले भाग वाकतात. मग शंभर रुपयांचं काम हजारांत जातं.

बटण बंद करा आणि प्लग काढा. जुन्या पद्धतीची क्लच मोटर बटण बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहते. त्या वेळात चुकून पॅडल दाबलं तर सुई खाली येते आणि बोट सापडतं. मोटरचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत सुईजवळ हात नेऊ नका.

चामडं ओढून काढू नका. फूट वर उचला, वरचा आणि खालचा दोरा कापा, मग चामडं अलगद बाजूला घ्या. कापडावरचा चुकीचा टाका उसवून पुन्हा घालता येतो. चामड्यावर सुईचं भोक पडलं की ते कायमचं राहतं. घाईत ओढाताण केली तर मशीनबरोबर मालही जातो.

बिघाड मोटरमध्ये की मशीनमध्ये?

हे आपलं आपल्याला कळतं. प्लग काढलेला असतानाच मोटरचा पट्टा चाकावरून उतरवा. आता चाक हाताने हळूच नेहमीच्या दिशेने फिरवून बघा.

चाक मोकळं फिरलं आणि सुई, हूक, फूट सगळं नीट हललं, तर दोष मोटर, पट्टा किंवा विजेत आहे. मोटर नुसती 'हूं' करते पण फिरत नाही, असं असेल तर कपॅसिटर गेलेला असू शकतो किंवा व्होल्टेज कमी असू शकतं. अशी मोटर चालू ठेवली तर आतली तार जळते. सर्व्हो मोटर असेल तर तिच्या छोट्या पडद्यावर आकडा किंवा अक्षर दिसतं. त्याचा फोटो काढून मेकॅनिकला पाठवा.

चाक जड लागलं किंवा अडकलंच, तर दोष वरच्या मशीनमध्ये आहे. तिथे या तीन गोष्टी बघा.

1. दोरा अडकला आहे का? बॉबिन आणि केस काढा. हूकच्या फटीत दोऱ्याचे तुकडे दिसतील. मशीन तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, चाक थोडं पुढे-मागे हलवा आणि चिमट्याने तुकडे काढा. चाकू घालू नका, हूकवर ओरखडा पडला की नंतर दोरा रोज तुटतो.

2. सुई तुटली आहे का? तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे जुळवून बघा. टोक सापडलं नाही तर लोहचुंबकाने शोधा. ते आत राहिलं तर पुढच्या टाक्याला हूक खराब होईल.

3. सुई हलते पण हूक फिरत नाही, असं आहे का? पुष्कळ मोठ्या मशीनमध्ये सेफ्टी क्लच असतो. आत काही अडकलं की तो सुटतो, म्हणजे पुढचं नुकसान टळतं. अडकलेलं काढल्यावर पुस्तिकेत दाखवलेलं बटण दाबून, सांगितलेल्या दिशेने चाक फिरवलं की तो 'टक' करून बसतो. कितीतरी वेळा 'मशीन गेलं' म्हणतात ते एवढंच असतं.

हे सगळं करूनही टाका पडत नसेल तर हूकचं टायमिंग सरकलेलं असू शकतं. सुई खालून वर यायला लागते तेव्हा हूकचं टोक तिच्या छिद्राच्या जरा वरून, अगदी चिकटून पण न घासता जायला हवं. हे बसवणं सरावाच्या हाताचं काम आहे. इथे स्क्रू ढिले करून बघू नका, मेकॅनिकला बोलवा. दुरुस्तीनंतर पहिली शिलाई टाकाऊ तुकड्यावरच करा.

मेकॅनिक आला की

नेमकं सांगा: आवाज कसा आला, किती जाड थर शिवत होतो, सुईचा नंबर काय, दोरा कोणता. खर्च लेखी मागा, सुटे भाग वेगळे आणि मजुरी वेगळी. बदललेले जुने भाग परत मागा. मशीन शहरात न्यायचं असेल तर नंबर लिहून घ्या, फोटो काढा, पोचपावती घ्या. खर्च फार मोठा सांगितला तर दुसऱ्या मेकॅनिकला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

ग्राहकाला त्याच दिवशी फोन करा. माल द्यायच्या दिवशी सांगितलेली अडचण त्याला सबब वाटते, आधी सांगितली तर तो मुदत वाढवून देऊ शकतो. तोवर कटिंग, कडा रापीने पातळ करणं, चिकटवणं, वेणी घालणं ही कामं चालू ठेवा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते हातकामाच्या परंपरेसाठी. त्या चपलेची वेणी आणि हातशिलाई बऱ्याचदा बायकांच्या हातची असते. मशीन थांबलं म्हणून सगळे हात थांबायला नकोत.

मशीनसाठी वेगळी बचत

समजा मशीन 45,000 रुपयांचं आहे आणि ते दहा वर्षं चालेल असं धरलं. म्हणजे वर्षाला 4,500, महिन्याला 375 रुपये त्याची झीज होते. महिन्याला 150 पर्स शिवत असाल तर प्रत्येक पर्समागे 3 रुपये बाजूला काढा. महिन्याचे 450 होतात. त्यातले 375 मशीनसाठी आणि उरलेले 75 सुया आणि तेलासाठी. हे पैसे नफा म्हणून वाटू नका आणि अंतर्गत कर्जातही देऊ नका. पर्सची किंमत ठरवतानाच हे 3 रुपये धरा.

चर्मकाम करणाऱ्या ताईंनी आणखी एक गोष्ट बघावी. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पादत्राणे कारागीर येतात. तिच्यात अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत कर्ज आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. नोंदणी चालू आहे का, हे जवळच्या सीएससी केंद्रात विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

मशीन बहुधा एका दिवसात बिघडत नाही. आधी टाके सुटतात, सुया जास्त तुटतात, नवीन खडखड येते, चाक जड लागतं. हे सगळ्यात आधी कळतं ते मशीनवर बसणाऱ्या ताईला. पण "जिच्या हातून बिघडलं तिने भरायचं" असा नियम असेल तर ती बोलेल का? ती गप्प बसते, कसंबसं काम उरकते आणि दुसरीच्या हाती मशीन देते. शेवटी मोडतं तेव्हा दंड एकीला होतो आणि नुकसान सगळ्यांचं.

मशीन गटाचं आहे, तर बिघाडही गटाचाच. वेगळा आवाज आला की लगेच थांबून सांगणाऱ्या ताईचं कौतुक करा. मशीनजवळ एक वही टांगा: तारीख, कोण बसलं, तेल घातलं का, काही वेगळं जाणवलं का. तेल मशीनचंच घाला. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल काही दिवसांत चिकट होऊन आत साचतं.

पुढच्या बैठकीत हे तीन ठराव मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या:

- मशीनची झीज म्हणून दर नगामागे ठरलेली रक्कम वेगळी ठेवू.
- मशीनची वही रोज भरू, आणि महिन्यातून एकदा बैठकीत वाचू.
- मशीन बिघडलं म्हणून कोणत्याही एका सदस्येकडून दंड घेणार नाही.

तिसऱ्या ठरावावर चर्चा होईल. होऊ द्या. मशीनवर बसणाऱ्या ताईला आधी बोलू द्या.