ऊन, वीज आणि गाव



रात्रीचे भरणे म्हणजे काय, हे निफाड-सिन्नरकडच्या माणसाला सांगायला नको. कडाक्याची थंडी, कांद्याचे वाफे, हातात बॅटरी, आणि शेजारच्या उसात बिबट्या तर नाही ना, ही धास्ती. शेतीपंपांना अनेक वर्षे वीज मिळत आली ती पाळीपाळीने: कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास. असे का? तर दिवसा कारखान्यांची आणि शहरांची मागणी मोठी. त्याच वेळी सगळे पंप सुरू झाले, तर वीज पुरायची नाही. म्हणून शेतकऱ्याच्या वाट्याला रात्र आली.

ही वीज बहुतांशी कोळशाची. आपल्या नाशिकजवळ एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र 1970 च्या सुमारास सुरू झाले. तेथे कोळसा रेल्वेने येतो, पाणी गोदावरीचे. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेच्या जोराने चाक फिरवायचे, की झाली वीज.

शिक्षकांनी मुलांना एक हिशेब घालावा. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला, तर निदान 30 युनिट वीज लागते. कोळशाच्या एका युनिटामागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. कोळसा मात्र एक किलोपेक्षा कमीच जळतो. मग वायू जड कसा? कोळशातला कार्बन हवेतला प्राणवायू सोबत घेतो, म्हणून. हा वायू पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावते, आणि पाऊस पडला तर धो धो पडतो. मार्च 2014 ची गारपीट द्राक्षबागाईतदार विसरलेले नाहीत. एकट्या त्या गारपिटीचे खापर कोळशावर फोडता येणार नाही. पण हवामानाचा भरवसा कमी होत चालला आहे, हे खरे.

आता उन्हाकडे वळू. सूर्य दिवसा तळपतो, आणि शेतकऱ्यालाही वीज दिवसाच हवी. दोघांचे वेळापत्रक जुळते! याच विचाराने 2017 साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. 2023 साली तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळच्या वीज उपकेंद्रालगत जमीन घ्यायची, तेथे सौर पट्ट्या उभारायच्या, आणि ती वीज शेतीच्या फिडरला द्यायची. या टप्प्यातला पहिला प्रकल्प 2024 साली वैजापूर तालुक्यात धोंदलगावी सुरू झाला. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ, असे या टप्प्यात ठरले.

मग अडचण कोठे आहे? ऊन कोणाच्या मालकीचे नाही. पण विजेचे निर्णय माणसे घेतात, आणि ते निवडणुकीच्या वाऱ्यावर हलतात. 2004 साली निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांची वीज मोफत झाली. 2005 साली ती सवलत गेली. 2024 साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत वीज जाहीर झाली. मोफत म्हणजे बिल कोणीच भरत नाही, असे नव्हे. ते सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून भरले जाते. हे आपल्याकडेच घडते असेही नाही. ऑस्ट्रेलियात 2012 साली कोळशाच्या धुरावर आकार बसला. 2013 साली सरकार बदलले, आणि 2014 साली तो आकारही उठला. तरी त्या देशात लाखो लोकांनी आपल्या छपरांवर सौर पट्ट्या बसवल्या. धोरण डळमळले, पण ज्याला फायदा डोळ्यांनी दिसला तो थांबला नाही.

म्हणून तुमच्या गावात असा प्रकल्प येईल, तेव्हा ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. पहिला जमिनीचा: गायरान दिले, तर गुरे चरायची कोठे? एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा जाते. दुसरा कराराचा: भाडे कोण देणार, कधी देणार, आणि बिघाड झाला तर दुरुस्ती कोणाकडे? सरकार पाच वर्षांनी बदलू शकते, वीज खरेदीचा करार 25 वर्षे चालतो. तेव्हा तोंडी शब्दावर राहू नका, कागद वाचून घ्या. तिसरा प्रश्न पाण्याचा. दिवसभर फुकट वीज मिळाली म्हणून विहीर दिवसभर उपसली, तर येवला-चांदवडसारख्या कमी पावसाच्या भागात उन्हाळ्याला काय उरेल? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? ठिबक आणि पिकाची निवड यांचा विचार विजेबरोबरच व्हायला हवा.

दिवसाची वीज ही शेतकऱ्यावर कोणी केलेली मेहेरबानी नव्हे. रात्रीची झोप आणि जिवाची सुरक्षितता हा त्याचा हक्क आहे. ऊन तर आपल्या माळावर रोजच पडते. ते गावाच्या कामी येईल की नाही, हे मात्र ग्रामसभेत किती जण बसतात आणि काय विचारतात, यावर ठरेल.