हॉट टबाला कुठली वायर लागते? (आणि हा प्रश्न का पुरत नाही)

मुलुंडला माझ्या मामाचा वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, लागून स्वतःची गच्ची. तिथे हॉट टब बसवायचं त्याच्या डोक्यात आलं आणि त्याने मला फोन केला. "तू इलेक्ट्रिकलमध्ये पीएचडी करतोस ना, मग सांग, कुठली वायर टाकू?" मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "सहा स्क्वेअर एमएम." फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी टबाबद्दल एकही प्रश्न विचारलेला नव्हता. मार्गदर्शकांसमोर असं उत्तर दिलं असतं तर पुढची पंधरा मिनिटं कशी गेली असती, ते तुम्हाला पीएचडीला लागल्यावर कळेलच.

तर आता नीट करू. चार माणसांच्या टबात साधारण १२०० लिटर पाणी धरा. १ किलो पाणी १ अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात. टाकीतलं पाणी २७ अंश, आपल्याला हवं ४० अंश. म्हणजे १२०० × ४.१८६ × १३, भागिले ३६००. उत्तर साधारण १८ युनिट. पाण्याला एवढी ऊर्जा लागणारच, हीटर कुठलाही घ्या. जानेवारीत पाणी २२ अंशांवर आलं तर हाच आकडा २५ युनिट होतो. सुरुवातीचं तापमान हे आपलं गृहीतक आहे, ते फक्त ५ अंशांनी हललं आणि उत्तर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढलं. प्रपोजलमध्ये असं गृहीतक असेल तर ते पहिल्या पानावर लिहा, तळटीपेत नको.

पण १८ युनिट म्हणजे किती अँपिअर? इथे पाणी काहीच सांगत नाही, माणसाला विचारावं लागतं: तू किती वेळ थांबू शकतोस? ३ तासांत हवं असेल तर ६ किलोवॅटचा हीटर, म्हणजे २३० व्होल्टला २६ अँपिअर. ६ तास चालत असतील तर ३ किलोवॅट, १३ अँपिअर. पंपाचे दीड किलोवॅट दोन्हीकडे वेगळे धरा. कंपनीच्या पत्रकात हीटरचा आकडा छापलेला असतो आणि आपण तिथूनच गणित सुरू करतो. तो आकडा दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुणाच्या तरी घाईसाठी ठरवलेला असतो.

(पत्रक अमेरिकेतलं असेल तर आणखी सांभाळा. तिथले २४० व्होल्ट दोन १२० व्होल्टच्या फेजमधून येतात आणि फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ असते. आपल्याकडे ५० हर्ट्झवर तीच पंपाची मोटर हळू फिरते आणि जास्त तापते.)

आता घराकडे या. महाराष्ट्रात घरगुती सिंगल फेज कनेक्शन साधारण ४० अँपिअरपर्यंत मिळतं, म्हणजे ९ किलोवॅटच्या आसपास. मामाकडे दीड-दीड किलोवॅटचे दोन एसी आणि २ किलोवॅटचा गीझर. झाले ५. त्यात ६ चा हीटर आणि पंप घातला की साडेबारा. मग थ्री फेज घ्यावं लागेल, नवा मीटर, वाढीव मंजूर भार, स्थिर आकारही जास्त. मुलुंड महावितरणकडे येतं, तर अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला अदानी किंवा टाटा, त्यामुळे अर्ज कुणाकडे करायचा ते आधी वीजबिलावर बघा. मंजूर भारही तिथेच छापलेला असतो.

३ चा हीटर घेतला तर बेरीज साडेनऊ. थोडी जास्तच. पण गीझर चालू असताना टबाचा हीटर आपोआप बंद राहील अशी कॉन्टॅक्टरची जोडणी केली की साडेसात किलोवॅटवर भागतं. ३३ अँपिअर. सिंगल फेजमध्ये बसतं.

एवढं झाल्यावर मी मुलुंडला गेलो आणि मीटर रूम बघितली. तळमजल्यावरच्या मीटरपासून मामाच्या घरापर्यंत ६ स्क्वेअर एमएमची जुनी वायर, अंदाजे ४० मीटर, इतर फ्लॅटच्या वायरींबरोबर एकाच डक्टमधून वर आलेली. तांब्याच्या या वायरीचा रोध किलोमीटरला ३.०८ ओहम. जाऊन-येऊन ८० मीटरचे ०.२५ ओहम. ३३ अँपिअरला ८ व्होल्ट वाटेतच जातात, साडेतीन टक्के, तेही वायर थंड असताना. शिवाय शेजारच्या वायरींमुळे तापणाऱ्या तारेला एवढा प्रवाह तासन्‌तास देणं मला मान्य नाही. १० स्क्वेअर एमएम घेतली की हेच नुकसान ५ व्होल्टच्या आत येतं. मामा विचारत होता टबाच्या वायरीबद्दल. बदलायला हवी होती जिन्यातली.

अजून एक गोष्ट हिशेबात नव्हती. उघड्या टबातून उष्णता सतत जात असते, मुख्यतः वाफेबरोबर. ती मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. हीटर बंद करा आणि दर अर्ध्या तासाला थर्मामीटर बघा. १२०० लिटर पाणी तासाला १ अंश उतरलं, तर १.४ किलोवॅट गळतंय. म्हणजे ३ च्या हीटरमधले १.६ च पाणी तापवायला उरले आणि शेवटचे अंश चढायला जवळजवळ दुप्पट वेळ लागणार. दीड किलोवॅटचा हीटर असता तर ४० अंश जवळपास कधी आलेच नसते. चांगलं झाकण हा विजेच्या आराखड्याचाच भाग आहे, हे मला गणितात नाही, थर्मामीटर हातात घेतल्यावर कळलं.

आता ज्या बाबतीत तडजोड नाही ते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही, हे आरसीसीबी बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो पुरवठा तोडतो, ३०० मिलिसेकंदांच्या आत, आणि गळती पाचपट असेल तर ४० मिलिसेकंदांत. पण अर्थिंग तुटलेलं असेल तर हीटरमधला बिघड पंपाच्या धातूच्या अंगापर्यंत पोचतो आणि आरसीसीबी गप्प बसून राहतो, कारण गळतीला जमिनीकडे जायला वाटच नाही. ती वाट मिळते कुणीतरी ओल्या हाताने शिवल्यावर, आणि ती त्या माणसातून जाते. अर्थिंग शाबूत असेल तर बिघड होताक्षणी पुरवठा तुटतो, माणूस मध्ये येण्याआधी. म्हणून दोन्ही लागतात, एकाने भागत नाही. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असलेल्या टबाला टाइप ए घ्या, साधा टाइप एसी नको. पावसाळ्यात हीटरच्या कॉइलमध्ये ओल शिरली की आरसीसीबी वारंवार ट्रिप होईल, आणि कुणीतरी हुशार वायरमन "त्रास देतोय, काढून टाकू" म्हणेल. त्याला तिथेच थांबवा. नको असलेला डेटा पॉइंट खोडण्यासारखंच आहे ते, फक्त इथे जीव जातो.

हे सगळं घेऊन मी मामाकडे गेलो. ३ किलोवॅट, इंटरलॉक, मीटरपासून १० ची वायर, टबासाठी स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. मामाने कागद नीट वाचला आणि विचारलं, "गच्चीला वजन झेपेल का?" ७० सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला ७०० किलो, आणि राहत्या खोलीचा स्लॅब साधारण २०० किलोच्या हिशेबाने बांधतात. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. सध्या कागद स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे आहे आणि वायर अजून विकत घेतलेली नाही.