पेन्सिलीआधीचा हात

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्यातलं भीमेकाठचं उसाचं गाव. इथेही, सगळीकडे असतो तसा, अंगणवाडीच्या दारात आईबापांचा एक प्रश्न असतो: "बाई, लिहायला कधी शिकवणार?" काळजी रास्त आहे. पण लिहिण्याची तयारी पाटी हातात यायच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

बाळ आधी मान सावरतं, मग पाठ. त्यानंतर खांदा, कोपर, मनगट आणि सर्वांत शेवटी बोटं ताब्यात येतात. जन्मतः मनगटातली आठही हाडं कूर्चेची असतात आणि ती पक्की व्हायला बरीच वर्षं लागतात. म्हणून तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं, त्यात त्याचं काही चुकत नाही. अंगठा आणि दोन बोटांची पकड साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास स्थिरावते.

आता 'क' काढून पाहा. उभा दांडा, डावीकडे गोल, दांड्यावर परत येऊन उजवीकडे वळण, वर शिरोरेषा. एवढ्यात डोळा अंतर मोजतो, हात नेमक्या जागी थांबतो, दुसरा हात वही धरून ठेवतो आणि पाठ ताठ राहते. हे सगळं सवयीचं झालं नसेल तर मुलाचं लक्ष आकारातच अडकतं. बाई पुढचा शब्द सांगतात तेव्हा हा मागच्याच वेलांटीवर असतो. गणितातही तेच. 52 मधून 17 वजा करताना 7 हा 2 च्या खाली न येता 5 च्या खाली सरकला, की हातचा नीट येत असूनही उत्तर चुकतं. आपण म्हणतो, पोराला गणित येत नाही. मला हा शिक्का फार अन्यायाचा वाटतो.

अमेरिकेत डेव्हिड ग्रिसमर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मुलांच्या दीर्घकालीन पाहण्यांची आकडेवारी तपासली. शाळेत येताना ज्यांची बोटांची कामं सफाईदार होती, ती मुलं पुढे वाचनात आणि गणितात सरस दिसली. 2012 मध्ये कॅरिन जेम्स यांच्या प्रयोगात असं आढळलं, की न वाचणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी अक्षर हाताने काढलं, तर नंतर ते पाहताना वाचनाशी संबंधित मेंदूचे भाग जास्त जागे होतात. कळ दाबून शिकलं तर तसं होत नाही. मात्र यावरून 'मैदानावर पळवा, मार्क वाढतील' असा हिशेब कोणी मांडू नये. नवी हालचाल शिकताना लागणारी एकाग्रता आणि आखणी अभ्यासालाही लागते. दुवा बहुधा तिथे आहे.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया मुलांच्या हाती दिल्या. मांडवगणात तेवढं सहज मिळतं. शेंगा फोडणं, चवळी आणि मूग वेगळे करणं, कणकेचे गोळे वळणं, सदऱ्याची बटणं स्वतः लावणं, लंगडी, सागरगोटे. सागरगोटे वर उडवून खालचे उचलताना डोळा आणि बोटं एका तालात येतात. इतका चांगला सराव छापील गिरवण्याच्या वहीत नाही. जिल्हा परिषद शाळांमधल्या 'पहिले पाऊल' मेळाव्यात शारीरिक विकासाचा वेगळा टप्पा ठेवलेला असतो, तो याचसाठी.

आणि पाच टक्क्यांच्या आसपास मुलांना सराव देऊनही हालचाली जुळवणं कठीण जातं. ती आळशी नसतात, मंदही नसतात. सात वर्षांच्या मुलाला बटण लागत नसेल, ते सारखं धडपडत असेल, चार ओळींत हात दुखतो म्हणत असेल, तर मारू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, तपासणी मोफत असते. त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि डॉक्टरांना हे स्वतः जाऊन सांगा.