सोलापूरची हवा मोजतात, पण कुठे?



गेल्या अंकात शहराबाहेरच्या एका पारधी वस्तीवरील मुलांच्या खोकल्याविषयी चार ओळी आल्या होत्या. त्या वाचून दोन-तीन मंडळींतून विचारणा झाली : औषधे आम्ही पाठवू, पण सरकार तिथली हवा तपासत नाही का? प्रश्न रास्त आहे. सरकार हवा तपासते, त्यासाठी कायदा आहे, पैसाही आहे. तरी ती तपासणी वस्तीपर्यंत का पोहोचत नाही, हे मला जेवढे समजले तेवढे इथे मांडते.

आधी धुळीविषयी. हवेतील बारीक कण दोन मापांत मोजतात. 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम 10 आणि 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम 2.5 म्हणतात. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून दुसरा कण किती सूक्ष्म असेल याची कल्पना येईल. तो फुप्फुसात खोलवर उतरतो. आपल्या देशाने 2009 मध्ये ठरवलेल्या मर्यादेनुसार वर्षाची सरासरी पीएम 10 साठी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आणि पीएम 2.5 साठी 40 मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेले आकडे 15 आणि 5 आहेत. म्हणजे आपली मर्यादा मुळातच सैल आहे.

ही सैल मर्यादासुद्धा जी शहरे सलग पाच वर्षे पाळू शकली नाहीत, त्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केली. त्या यादीत सोलापूर आहे. मुंबई, पुणे, चंद्रपूर यांच्या पंक्तीला आपले गाव बसलेले पाहून मलाही नवल वाटले होते. जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला तो याच शहरांसाठी. 2017 च्या तुलनेत 2024 पर्यंत धूलिकण 20 ते 30 टक्के कमी करायचे, असे आधी ठरले. पुढे ते उद्दिष्ट 2026 पर्यंत 40 टक्के असे वाढवले.

आता मोजणीकडे येऊ. सोलापुरात हवा मोजण्याची जुनी केंद्रे दोन : एक सात रस्त्याला आणि दुसरे वालचंद इन्स्टिट्यूटच्या आवारात. तिथे यंत्र चोवीस तास हवा ओढून गाळणीवर धूळ गोळा करते, मग गाळणीचे वजन करतात. हे आठवड्यातून दोनदा होते, वर्षातून निदान 104 वेळा. अलीकडे सतत मोजणारी स्वयंचलित यंत्रेही आली आहेत. त्यांचे आकडे मोबाईलवर ‘समीर’ या अॅपवर कुणालाही पाहता येतात.

अशी केंद्रे किती असावीत यालाही नियम आहे. एक लाख ते दहा लाख वस्तीच्या शहराला धूलिकणांसाठी चार केंद्रे आणि दर लाखामागे 0.6 केंद्र अधिक, असा भारतीय मानकाचा हिशेब आहे. 2011 च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. गणित केले तर नऊ-दहा केंद्रे होतात.

पण संख्येपेक्षा जागेचा प्रश्न मोठा आहे. यंत्र जिथे बसवले तिथल्या हवेचा आकडा मिळतो आणि तोच सगळ्या शहराचा म्हणून छापला जातो. मी ज्या वस्तीवर जाते ती महापालिकेच्या हद्दीला लागून, गायरानावर आहे. एका बाजूला कचऱ्याचे ढीग आणि त्यांचा धूर, पलीकडे दोन वीटभट्ट्या, समोरून खडी वाहणारे ट्रक. घरात चूल, कारण गॅसची टाकी मिळाली तरी ती भरून आणायला दर वेळी पैसे कुठले? यातली एकेक गोष्ट कदाचित मर्यादेत बसेल. बाळाच्या फुप्फुसात मात्र त्या सगळ्या एकत्रच जातात. थंडीत धूर खाली बसतो तेव्हा तर पहाटे वस्तीतले समोरचे झोपडे दिसत नाही. त्या दिवशीही अॅपवर शहराची हवा ‘समाधानकारक’ दिसू शकते, आणि शहराच्या दृष्टीने ते खोटेही नसते.

ही माणसे अशाच जागी का राहतात, हे सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. पारध्यांसह कितीतरी जमातींची माणसे तिच्यात कोंडली होती आणि गिरण्यांत राबत होती. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, पण कुंपणाबाहेर पडलेल्यांना जमीन मिळाली नाही. जी कुणालाच नको होती, त्या जागेवर ती बसली.

एका जागी साचलेले ओझे एकत्र मोजायची पद्धत सरकारला ठाऊक नाही असे नव्हे. औद्योगिक वसाहतींसाठी हवा, पाणी, जमीन आणि आसपासची माणसे या सर्वांचा मिळून एक निर्देशांक काढतात. 70 च्या वर गेला की तो भाग ‘अतिप्रदूषित’ ठरतो आणि सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. 2018 च्या मोजणीत पालघर या आदिवासी जिल्ह्यातले तारापूर 93.69 गुणांनी देशात सर्वांत वर होते. पण हा हिशेब कारखान्यांच्या वसाहतीचा असतो, माणसांच्या वस्तीचा नव्हे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने 2021 च्या कायद्यानंतर उलट बाजूने सुरुवात केली. हवेचे ओझे आणि गरिबी, आजारपण जिथे एकत्र आहे अशी 16 ठिकाणे त्यांनी आधी निवडली आणि तिथे जास्तीची यंत्रे बसवायचे ठरवले. आपल्याकडे हे अवघड आहे असे मला वाटत नाही.

पैसा कुठे जातो तेही पाहावे. विज्ञान व पर्यावरण केंद्राने 2024 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार स्वच्छ हवा कार्यक्रमातला 64 टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झाला. पाला, लाकूड, शेण यांसारखे जळण आणि त्याचा धूर यांवर साडेचौदा टक्के, उद्योगांवर तर एक टक्काही नाही. झाडू मारणारे यंत्र डांबरी रस्त्यावर चालते. आमच्या वस्तीला डांबरी रस्ताच नाही.

तरी यादीत नाव असण्याचा एक उपयोग आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. 22 फेब्रुवारी 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार नवी वीटभट्टी लोकवस्तीपासून निदान 800 मीटर दूर हवी. जुन्या भट्ट्यांना कमी धुराची पद्धत घ्यायला दोन वर्षे दिली होती, पण यादीतल्या शहरापासून 10 किलोमीटरच्या आतल्या भट्ट्यांना एकच वर्ष. ती मुदत केव्हाच संपली. कचरा उघड्यावर जाळण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये 5,000 रुपये दंड सांगितला, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000.

इथे एक पेच आहे. वस्तीतली सहा-सात कुटुंबे त्याच भट्ट्यांवर कामाला जातात. भंगार वेचणारे तांब्यासाठी वायर जाळतात, त्यांनाच दंड झाला तर? एका आजीने मला सरळ विचारले, “ताई, भट्टी बंद पडली तर चूल कशी पेटंल?” म्हणून आम्ही ‘बंद करा’ असा अर्ज कधी लिहीत नाही. भट्टीची पद्धत बदला, कचरा पेटू देऊ नका, आणि यंत्र एक महिना तरी वस्तीत आणून ठेवा, एवढेच मागतो.

अशा अर्जासाठी ‘फार धूर होतो’ एवढे लिहून भागत नाही. तारीख, वेळ, धूर कुठून आला, वारा कोणत्या दिशेचा, अंतर किती, फोटो, त्या आठवड्यात किती जणांना दम लागला, हे सगळे लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय सोलापुरातच आहे. ‘समीर’वरूनही तक्रार करता येते. अर्जाची पोच मात्र आठवणीने घ्यावी.

दिवाळीपासून वस्तीतल्या दोन मुली ही नोंदवही लिहीत आहेत. एक नववीत आहे, दुसरीने शाळा सोडली होती. पहिल्या महिन्यात तीस दिवसांपैकी एकोणीस दिवशी धुराची नोंद आहे, बहुतेक पहाटे चार ते सातच्या दरम्यान. मंडळींपैकी कुणाकडे वापरात नसलेला, बऱ्यापैकी कॅमेरा असलेला मोबाईल असेल तर त्यांना द्यावा. सध्या फोटो काढायला त्यांना माझी वाट पाहावी लागते, आणि मी गुरुवारीच जाते.