शिवनेरीचा परिसर आणि ऐतिहासिक कादंबरी : वाचनाचा मागोवा

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) मानला जातो. तेव्हापासून शिवकाल हा या प्रकाराचा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय राहिला. ह. ना. आपट्यांची ‘उषःकाल’ १८९०च्या दशकात ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली आणि पुढे नाथमाधवांनी स्वराज्यावर कादंबरीमाला लिहिली. त्या सुरुवातीच्या काळात शिवजन्माचे वर्ष १६२७ धरले जाई. जेधे शकावली ही घटनांची कालानुक्रमी नोंद १९१६मध्ये प्रसिद्ध झाल्यावर १६३० हे वर्ष पुढे आले. त्यामुळे जुनी कादंबरी वाचताना ती कोणत्या माहितीवर उभी आहे, हे आधी पाहावे लागते.

१९६८मध्ये रणजित देसाईंची शिवाजी महाराजांवरील ‘श्रीमान योगी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला या कादंबरीतला मुलूख ओळखीचा असतो. शिवजन्माचा किल्ला शिवनेरी जुन्नर गावाला लागूनच आहे.

कादंबरी इतिहासापेक्षा वेगळे काय देते, हे शिवजन्माच्या प्रसंगावरून चांगले कळते. जुलै १६२९मध्ये जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांना मुलांसह निजामशाही दरबारात ठार मारण्यात आले. त्यानंतर सुमारे सात महिन्यांनी जिजाबाई शिवनेरीवर प्रसूत झाल्या. शिवजन्माच्याच वर्षी दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. कागदपत्रांत या घटना तारखांनिशी सापडतात. वडील आणि भाऊ गमावलेल्या गरोदर स्त्रीच्या मनात काय चालले असेल, हे मात्र एकाही शकावलीत नाही. ती जागा कल्पनेनेच भरायची असते. ती भरताना लेखकाने केलेली निवड वाचकाने तपासायची असते. शोकातून थेट स्वराज्याचे स्वप्न उगवले असे दाखवणे सोपे आहे. भीती, एकटेपणा आणि उद्याची काळजी दाखवणे अधिक कठीण, आणि अधिक खरेही.

असे वाचन कसे करावे याचा उत्तम नमुना ‘श्रीमान योगी’लाच जोडलेला आहे. नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना शिवाजी महाराजांना दैवी पुरुष न मानता, त्यांच्या काळाच्या प्रश्नांसह समजून घेऊ पाहते. कादंबरीने भारावलेला वाचक तिथे विचार करू लागतो. अनेक जण ती पाने ओलांडून थेट कथेकडे वळतात, हे मोठे नुकसान आहे.

शिवनेरी पाहिली की आणखी प्रश्न उभे राहतात. महाराजांनी १६५७मध्ये जुन्नर लुटले, पण हा जन्मदुर्ग त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. गडावर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास मुघलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांच्या शिरच्छेदाशी परंपरा त्याचे नाते सांगते. याच समाजाची गावे आजही जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात आहेत. डॉ. गोविंद गारे यांनी आदिवासी जीवनावर विपुल अभ्यासपूर्ण लेखन केले, ते याच मातीतले.

फेब्रुवारी २०२५मध्ये शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ या कादंबरीवर आधारलेला हिंदी चित्रपट आला. चित्रपटामुळे कादंबरीकडे वळणाऱ्या नव्या वाचकाने ‘श्रीमान योगी’ही हाती घ्यावी, कुरुंदकरांच्या पानांपासून सुरुवात करावी, आणि शिवनेरीवर गेल्यास जन्मस्थानाइतकाच वेळ कोळी चौथऱ्यापाशी द्यावा.