गिटारवरची सही विकत घेताना आपण नक्की काय घेतो?

मागच्या महिन्यात गावाकडून एका धाकट्या मित्राचा फोन आला. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. मिरचीच्या बाजारासाठी आसपासच्या लोकांना माहीत असलेलं. हा पोरगा एम.एस्सी. झालाय, पेटची तयारी करतोय आणि रात्री गिटार वाजवतो. आता त्याला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती. दोन बघून ठेवल्या होत्या. एक २८ हजारांची साधी. दुसरी त्याच कंपनीची, जवळपास तशीच, पण हेडस्टॉकवर एका नामांकित वादकाची सही असलेली, ४१ हजारांची. "दादा, वरचे १३ हजार घालू का नको?" पैसे वडिलांच्या मिरचीचे होते आणि त्यातूनच लॅपटॉपही घ्यायचा होता. म्हणून विचारत होता.

मी म्हटलं, सहीवालीच का? त्याने पटापट तीन कारणं सांगितली: आवाज चांगला आहे, नेक हाताला बसते आणि उद्या विकली तर किंमत येते. मला वाटलं, हा तर आयता संशोधन-प्रश्न आहे. त्यामुळे आज माझ्या नेहमीच्या विषयापासून थोडं लांब जातोय. तुमच्यापैकी जे मुलाखती किंवा प्रश्नावली वापरून काम करणार आहेत, त्यांना याचा उपयोग होईल.

पहिली अडचण त्या तीन कारणांचीच आहे. माणसाला "का घेतलं?" असं विचारलं की तो उत्तर देतोच. ते उत्तर खरं कारण असेलच असं नाही. १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा एक लेख आला, आजही तो सगळीकडे उद्धृत होतो. त्यात एक साधा प्रयोग आहे. दुकानात टेबलावर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड मांडले आणि लोकांना सर्वांत चांगला निवडायला सांगितलं. चारही जोड अगदी सारखे होते. तरी लोकांनी सर्वांत उजवीकडचा जोड कितीतरी जास्त वेळा निवडला. कारण विचारल्यावर कुणी वीण सांगितली, कुणी पोत. "उजवीकडे होता म्हणून" असं कुणीच म्हटलं नाही. उलट जागेचा परिणाम झाला असेल का असं विचारलं तर लोकांनी ते साफ नाकारलं. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच माहीत नव्हतं. तेव्हा गिटार घेणाऱ्या शंभर जणांना फॉर्म भरायला लावून "७० टक्के लोक आवाजासाठी घेतात" असा निष्कर्ष काढला, तर आपण काय मोजलं? लोकांना कोणतं कारण सांगायला बरं वाटतं, एवढंच.

मग आवाजाचं काय? इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुख्यतः लोखंडी तारेच्या कंपनातून येतो. तारेखालच्या पिकअपमध्ये चुंबक आणि तांब्याचं वेटोळं असतं, तार हलली की त्यात विद्युतदाब निर्माण होतो. (फॅरेडेचा नियम, बारावीला सगळ्यांनी पाठ केलेला.) त्यामुळे पिकअप कुठला, तो ब्रिजपासून किती अंतरावर, तारा किती जाड, पुढे अॅम्प्लिफायर कोणता, याने फरक पडतो. शाईने फरक पडत नाही. पण सहीच्या मॉडेलमध्ये कधी कधी नुसती शाई नसते. फेंडरने १९८८ मध्ये एरिक क्लॅप्टनच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर काढली तेव्हा तिच्यात मधल्या पट्टीचा आवाज उचलणारं बॅटरीवरचं सर्किट होतं. साध्या स्ट्रॅटमध्ये ते नसतं. आयबानेझने १९८७ मध्ये स्टीव्ह वाय याच्यासाठी काढलेल्या जेम मॉडेलच्या अंगातच हात घालून उचलायची खाच आहे. इथे सही म्हणजे एका माणसाच्या गरजांची यादी, आणि तुमची गरज तीच असेल तर जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

यासाठी अमेरिकेला जायचीही गरज नाही, आपली मिरज आहे. तिथल्या सतारमेकरांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतार घ्यायला गेलात की दोन नावं कानावर पडतात: रविशंकर पद्धतीची आणि विलायतखानी. पहिलीला खरज-पंचम म्हणतात. तिला खाली खरजाच्या जाड तारा असतात, बऱ्याचदा वर दुसरा छोटा भोपळा असतो, नक्षीकाम भरपूर. दुसरी गांधार-पंचम. तिच्यात खरजाच्या तारा काढून टाकलेल्या असतात, वरचा भोपळा सहसा नसतो, दिसायला साधी. उस्ताद विलायत खाँ यांना गळ्यासारखी मींड काढायची होती, पंडित रविशंकरांना खर्जातला आलाप हवा होता. दोघांच्या वाजवण्यातून दोन वाद्यं घडली आणि ती कोलकात्याच्या कारागिरांनी घडवली: रविशंकरांसाठी नोडू मलिक, विलायत खाँसाठी हिरेन रॉय. पुढे ती रचनाच त्यांच्या नावाने रूढ झाली.

मला हे उदाहरण आवडतं, कारण इथे नाव करारातून आलेलं नाही, वापरातून आलंय. "विलायतखानी द्या" म्हणणारा माणूस खाँसाहेबांचा भक्त असेलही, पण तो तारांची एक रचना मागत असतो. गंमत म्हणजे गिटारमध्येही असं झालंय. गिब्सनने १९५२ मध्ये वादक लेस पॉल याच्या नावाचं मॉडेल बाजारात आणलं. ते नाव इतकं मुरलं की आज "लेस पॉल" हवी म्हणणाऱ्या कित्येक पोरांना तो हाडामासाचा माणूस होता हेच माहीत नसतं. म्हणजे सही झिजत झिजत प्रकाराचं नाव होते. सहीच्या वस्तूंवर काम करायचं असेल तर पहिला भेद हा करा: नाव रचना सांगतंय की माणूस?

आता माणसाकडे येऊ. इथे खरा मजकूर आहे.

जॉर्ज न्यूमन, गिल डिझेनड्रुक आणि पॉल ब्लूम यांनी २०११ मध्ये प्रश्न घेतला की प्रसिद्ध माणसाने वापरलेली वस्तू लोक का घेतात. त्यांनी तीन पर्याय समोर ठेवले. वस्तूने त्या माणसाची आठवण येते, म्हणून; पुढे विकता येते, म्हणून; किंवा त्या माणसाचं काहीतरी स्पर्शाने वस्तूत उतरलंय असं वाटतं, म्हणून. बाजारभावाचा वाटा सापडला, पण सर्वांत जोरदार ठरला स्पर्श. न्यूमन आणि ब्लूम यांनी २०१४ मध्ये खऱ्या लिलावांची आकडेवारी तपासली. केनेडींसारख्या आवडत्या माणसाच्या वस्तूला, तिला त्यांचा स्पर्श जास्त झाला असेल असं वाटल्यास, बोली वर गेली. बर्नार्ड मॅडॉफसारख्या नावडत्या माणसाच्या बाबतीत उलटं झालं. शिवाय एका प्रयोगात आवडत्या व्यक्तीचा स्वेटर निर्जंतुक करून मिळणार असं सांगितलं, तर लोकांनी देऊ केलेली किंमत बरीच खाली आली. आता आठवणी धुण्याने जात नाहीत, म्हणजे जे "धुतलं गेलं" ते काहीतरी वेगळं होतं. हा प्रयोग मला फार हुशारीचा वाटतो. "का" असं न विचारता एक गोष्ट बदलली आणि किंमत कुठे जाते ते पाहिलं.

पण आमच्या पोराच्या ४१ हजारांच्या गिटारला त्या वादकाने हातही लावलेला नाही! ती कारखान्यातून आलेली, सही छापील. स्पर्शाचा सिद्धांत इथे लंगडा पडतो.

याच जागी कॅरन फर्नांडिस आणि जॉन लास्टोव्हिका यांचा २०११ चा अभ्यास कामी येतो. त्यांनी एकापेक्षा जास्त गिटार बाळगणाऱ्या पुरुषांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, त्यांच्या जगात वावरून निरीक्षणं केली. विश्लेषणासाठी त्यांनी जुनं हत्यार काढलं: जेम्स फ्रेझरने १८९० च्या 'द गोल्डन बाऊ' मध्ये मांडलेले जादूचे दोन प्रकार. एक संसर्गाची जादू, म्हणजे स्पर्शातून गुण उतरतो. दुसरी अनुकरणाची, म्हणजे सारखं दिसणारं सारखंच काम करतं. छापील सहीची गिटार दुसऱ्या प्रकारात बसते. कारखान्यात बनलेली नक्कलसुद्धा मालकाच्या लेखी ताकद असलेली वस्तू बनू शकते, असं त्यांना दिसलं. कंपन्यांनाही हे कळलेलं दिसतं. क्लॅप्टनची जुनी 'ब्लॅकी' गिटार २००४ मध्ये लिलावात साडेनऊ लाख डॉलरच्या वर गेली. त्यानंतर फेंडरने तिच्या २७५ प्रतिकृती काढल्या, त्यात ओरखडे आणि सिगारेटने जळालेले डागही मुद्दाम उतरवले.

हसू नका. आपण सगळ्यांनी लहानपणी हे केलंय. सचिनच्या बॅटवर असायचं तसं एमआरएफचं स्टिकर मी गावठी बॅटवर चिकटवलं होतं, तेही वाकडं. त्या दिवशी मी चार चौकार मारले हे मला अजून आठवतं, आदल्या दिवशी किती मारले होते ते आठवत नाही. (निवडक स्मृती. तुमच्या डेटामध्येही ती शिरते.)

तर अशा वस्तूने खरंच काही होतं का? एक अभ्यास आहे, तोही २०११ चाच. ४१ जणांना गोल्फचा पटर देऊन खेळायला लावलं. काहींना सांगितलं की हा बेन कर्टिस या व्यावसायिक खेळाडूचा आहे. त्यांना खड्डा मोठा वाटला आणि त्यांचे जास्त चेंडू आत गेले. वाचायला झकास, पण ४१ हा आकडा लहान आहे. एवढ्यावर मी माझे १३ हजार लावणार नाही.

दुसऱ्या बाजूला वाद्यांच्या आंधळ्या चाचण्या आहेत. क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर काळे गॉगल लावून नवी आणि जुनी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस होती. सर्वांत जास्त पसंत पडलं ते एक नवं वाद्य, सर्वांत कमी पसंत पडलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. २०१८ मध्ये ५२ गिटारवादकांवर अशीच चाचणी झाली. सहा अकूस्टिक गिटार, फक्त मागचं-बाजूचं लाकूड वेगळं. दर्जाच्या गुणांत फारसा फरक आला नाही. म्हणजे डोळे झाकले की नावाचं वजन बरंच उतरतं. पण घरी कुणी डोळे झाकून वाजवत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. नाव दिसत असताना पोरगा रोज अर्धा तास जास्त वाजवत असेल, तर आंधळ्या चाचणीत तो फायदा दिसणारच नाही.

माझ्या मते मोकळा प्रश्न इथेच आहे. फर्नांडिस-लास्टोव्हिकांचे लोक अनेक गिटार बाळगणारे होते. पहिली इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्या मुलाबद्दल त्यावरून बोलता येत नाही. आणि सहीवाली महागही असते, तेव्हा परिणाम सहीचा की किमतीचा हे वेगळं काढावं लागेल. मी केलं असतं तर एकच मॉडेल घेतलं असतं, निम्म्यांवर सहीचं स्टिकर, निम्म्यांवर नाही, किंमत सगळ्यांना सारखीच सांगायची, आणि आवडीचे गुण न विचारता तीन महिने सरावाची मिनिटं मोजायची. स्टिकर लावून फसवतोय म्हणून नैतिकता समितीची परवानगी लागेल, तिथे सहा महिने जातील ते वेगळे.

पोराला मी एवढंच सांगितलं की छत्रपती संभाजीनगरला ये, दुकानात दोन्ही गिटार एकाच अॅम्पवर, एकाच सेटिंगला लाव, मी हेडस्टॉकवर रुमाल टाकतो आणि तू पाठ करून ऐक. तो आला. दहा वेळा वाजवलं, पाच वेळा त्याने बरोबर ओळखलं. नेकही रुमाल टाकून धरून पाहिली, दोन्ही सारख्याच.

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "दादा, पण ती भिंतीवर लटकवली की उठून वाजवावं वाटंल ना." हे चौथं कारण होतं, आणि मला ते पहिल्या तिन्हींपेक्षा प्रामाणिक वाटलं. त्याने साधी घेतली. लॅपटॉपही झाला. परवा फोटो पाठवला, गिटारवर काळ्या मार्करने स्वतःचीच सही केलीये.